फोर्कमधली हवा

ती त्या दुकानात आली ती केवळ ब्रेकची तार तुटली म्हणून. तिचं नेहमीचं दुकान नेमकं त्या दिवशी बंद होतं, आणि ब्रेकशिवाय उतार उतरण्याइतकी ती बेफिकीर नव्हती. धुळीने पांढरे पडलेले बूट ओढत, सायकल ढकलत ती दारात येऊन थांबली.

"पुढचा ब्रेक तेवढा बघा," ती म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नका."

ब्रेक बघायला जो तरुण पुढे आला, दुकान त्याच्या आत्याचं. तिनेच त्याला पाना धरायला शिकवलं होतं. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ती खिडकीपाशी बसून वाकडी झालेली चाकं सरळ करायची आणि सगळं ऐकायची.

बोलता बोलता कळलं, की डोंगरावरच्या तलावातून खाली येणारी पाण्याची पाइपलाइन तपासायचं काम या सायकलवालीकडे आहे. कुठे सांधा पाझरतोय, कुठली झडप सैल झालीय, हे बघत रोज दोन तास दगडगोट्यांतून सायकल हाकायची. त्याने दिलेला पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला, आणि पिऊन झाल्यावर बोटं झटकली... मुंग्या आल्यावर झटकतात तशी.

त्याने सहज हँडल दाबून पाहिलं. पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा फोर्क जागचा हलला नाही. नळ्यांवर तेल ओघळून त्यावर मातीचा थर बसला होता. शेवटचं सर्व्हिसिंग कधी केलं, असं त्याने विचारलं.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. हे तिने इतक्या हळू सांगितलं, की त्याने काम थांबवून वर पाहिलं.

दर पन्नास तासांनी त्यातलं तेल बदलावं लागतं, तेल अडवणारे रबरी सील पुसावे लागतात. तुम्ही रोज दोन तास चालवता, म्हणजे महिन्यातून एकदा तरी — असं त्याने समजावून सांगितलं. ती म्हणाली, पुस्तकात लिहिलेलं असणार.

"पुस्तकात आहे. तुमच्या बोटांतही आहे."

तिने पटकन हात खिशात घातले. पण उद्या नेते म्हणून सायकल तिथेच ठेवून जाताना ती किंचित हसली, आणि तेवढ्याने त्याचा दिवस भरून गेला.

ब्रेकचं काम दहा मिनिटांत झालं. नंतर तो बराच वेळ त्या सायकलीसमोर उभा राहिला. असल्या फोर्कवर कुणाला डोंगरात पाठवणं बरं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. ते खरं होतंच. पण उद्या ती हँडल दाबेल, चकित होईल आणि मान वर करून आपल्याकडे बघेल... हेही त्याला हवं होतं. त्याने फोर्कला पंप लावून आतल्या हवेच्या दाबाचा आकडा काट्यावर पाहिला आणि व्हॉल्व्ह दाबला. सूं करत हवा निघून गेली. आतलं तेल काजळीसारखं काळं झालं होतं. त्याने सील बदलले, नवं तेल घातलं, आणि तिच्या वजनाचा अंदाज घेऊन नवी हवा भरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. ब्रेक बघताना तिने हँडल दाबलं. फोर्क अलगद खाली गेला, अलगद वर आला. तिने पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"हवा काढलीत?"

"काढावीच लागते. त्याशिवाय उघडत नाही."

"ती माझ्या दादाने भरली होती."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. सायकल दादाची होती. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी अंगात ताप असतानाही त्याने अंगणात बसून हवा भरली. परत आलो की आधी डोंगर, असं म्हणाला. तो परत आला नाही. सील गेलेत हे तिला चांगलं ठाऊक होतं. "हात बधिर व्हायचे," ती म्हणाली, "तेव्हा वाटायचं... आहे अजून."

ती निघून गेली, तरी तो हातातलं फडकं पिळत तिथेच उभा होता. आत्याने मान वर केली नाही.

"काम चोख केलंस. विचारलं नाहीस. आणि आता लगेच माफी मागायला धावू नकोस. रडवेलं तोंड घेऊन गेलास, तर तिलाच तुझी समजूत काढावी लागेल."

म्हणून त्याने दहा दिवस कळ काढली. अकराव्या दिवशी तो चालत डोंगर चढला. वरच्या झडपेपाशी ती गुडघ्यावर बसून बोल्ट आवळत होती. आजूबाजूला वाऱ्याखेरीज कशाचा आवाज नव्हता.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "फोर्क खराब होता, हे निमित्त झालं. तुम्हाला खूश झालेलं बघायचं होतं मला."

ती बोल्ट आवळत राहिली. नजर न हलवता म्हणाली, "आता हात बधिर होत नाहीत. त्याचाच जास्त राग येतो."

ती थोडी सरकली. "हा पाना धरा जरा." पाण्याची ठिबक थांबेपर्यंत तो पाना धरून बसला. मग दोघं वेगवेगळ्या वाटांनी खाली उतरली.

महिना सरत आला तशी ती दुकानात आली आणि तिने सायकल स्टँडवर चढवली.

"पन्नास तास झाले."

"हात लावू?"

"लावा. पण हवा मी काढते."

तिने व्हॉल्व्हवर बोट ठेवलं. हवा निघून जाईस्तोवर तिने ते उचललं नाही. डोळे भरून आले होते, पण तिने ते लपवले नाहीत. मग तो नळ्या पुसत बसला आणि ती दादाबद्दल सांगत बसली — तो किती बेसूर गायचा, चढावर ट्रकला धरून कसा फुकट वर जायचा, आणि घरी मात्र दमल्याचं सोंग कसं करायचा. हवा भरताना तिने विचारलं, "दादाचा आकडा किती होता?"

"ऐंशी. त्याच्या वजनाला तो बरोबर असणार."

तिने साठवर पंप थांबवला.

तिच्या वजनाने फोर्क किती दबतो ते बघायला तिला सायकलवर बसावं लागलं, आणि सायकल पडू नये म्हणून त्याला समोरून हँडल धरावं लागलं. दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर उरलं. आत्याने एक चाक उचललं आणि काही कारण नसताना ती मागच्या अंगणात गेली.

"आता पुन्हा पन्नास तासांनी," तो म्हणाला. "सायकलचं तेवढ्याने भागतं."

"मग?"

"माझं नाही भागत. मला तुम्ही रोज दिसायला हव्यात."

तिने मान खाली घातली. हँडलवर त्याच्या हातांशेजारी तिचे हात होते. तिने ते काढून घेतले नाहीत. एक करंगळी तेवढी सरकून त्याच्या करंगळीला टेकली.

"उद्या सात वाजता मी निघते," ती म्हणाली. "तुमच्याकडे सायकल आहे?"

"आहे."

"तिचं सर्व्हिसिंग कधी केलंय?"

तो आठवू लागला... आणि आठवता आठवता ओशाळला. वर्ष तरी उलटलं असावं. तिने सायकलवरून उतरून शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या.

"आणा इकडे," ती म्हणाली. "आज मी थांबते."