वळणावरचा थांबा

फोन आला तेव्हा तो नव्या घरात पडद्याची दांडी बसवत होता. बायको संध्याकाळच्या गाडीने शहरातून परत येत होती. ती पोचली, पण स्ट्रेचरवर. सहा आठला छातीत कळ आली, असं शेजारच्या प्रवाशाने सांगितलं. गाडी थांबली ती थेट सहा पस्तीसला, शेवटच्या स्टेशनात.

मध्ये थांबा नव्हता, कारण तो थांबा त्यानेच काढून टाकला होता. रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीत त्याची वीस वर्षं गेली होती. शहरात माणसाला पाय पसरायला जागा उरली नव्हती, म्हणून दूर माळावर वसाहत उभी राहिली आणि 'पन्नास मिनिटांत घरी' अशी जाहिरात झाली. गाडीला लागत होती त्रेपन्न. वळणावरचं छोटं स्टेशन गाळलं की तीन मिनिटं सुटत होती. त्याने गाळलं. फलाटही पाडला गेला. त्या फलाटासमोरच दवाखाना होता.

वसाहतीत घर घ्यायचा हट्ट बायकोचा. अठरा वर्षं एका खोलीत काढलेली. आता भांडण झालं की रुसून बसायला दुसरी खोली आहे, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली होती.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून गाडी रोज तीन मिनिटं उशिरा यायला लागली. ड्रायव्हर मुलांची शपथ घेऊन सांगायचा की आपण कुठेच थांबत नाही. इंजिनातलं यंत्र वेगळं सांगत होतं. वळणावर सहा आठला वेग शून्य, दारं उघडली. सहा अकराला बंद.

तो स्वतः जाऊन बसला. वळण आलं. खिडकीबाहेर खांब पळतच होते. पण हातातल्या बाटलीतलं हिंदकळणारं पाणी स्थिर झालं. मानेवर बाहेरचा गार वारा आला. डब्यात कुणी मान वर केली नाही. तीन मिनिटांनी पाणी पुन्हा हललं.

कचेरीचा नियम साधा होता. गाडी रोज जिथे थांबते, तिथे थांबा दाखवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो परत घातला. आगमन, सहा आठ. पुढे प्रस्थान, सहा अकरा लिहायचं. त्याचा हात चालेना. गाडी सुटली की बायको पुन्हा पुढे जाणार, आणि पुढे काय होतं ते त्याला ठाऊक होतं. रकाना रिकामा ठेवून त्याने वेळापत्रक लागू केलं.

ज्या स्टेशनाला आगमन असतं आणि प्रस्थान नसतं, ते शेवटचं स्टेशन. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

त्या संध्याकाळी तो कचेरीतच थांबला. सहा अडतीसला गाडी वसाहतीत पोचली नाही. पावणेसातलाही नाही. त्याच्या जेवणाखाण्याचं बघायला मेहुणी त्याच गाडीने जात असे. तिचा फोन आला.

"भाऊजी, गाडी थांबलीय. सगळे बॅगा घेऊन उतरतायत."

"कुठे उतरतायत? तिथे फलाट नाही."

"नाहीच आहे. खाली काहीच दिसत नाही. पण ताई उभी आहे ना दाराशी. हात देतेय एकेकाला."

त्याने तिला जागेवर बसून राहायला सांगितलं. ती हसली. म्हणाली, आपल्यापुढे आता चारच माणसं उरलीत.

फोन खांद्याशी दाबून त्याने वेळापत्रक उघडलं. फक्त वेळ घालायची होती. फोनमधून ओळखीच्या आवाजात कुणीतरी हळूच म्हणालं, "ये गं."

प्रस्थानाची वेळ त्याने अजून लिहिलेली नाही.