जावा आता

साधलं असतं तर चंद्रभानचा फायदा सव्वीस माणसांचा होता. सुमनबाईच्या खानावळीत दुपारी तेवढीच बसायची. मी मोजलेली आहेत. येलदरी धरणाच्या धक्क्यावर मच्छीमार सोसायटीचा वजनकाटा माझ्याकडे आहे आणि काट्यावर बसलं की दोन्ही खानावळींची दारं समोर दिसतात. मासा मोजून झाला की मी माणसं मोजतो.

अकराला तराफे काठाला लागायचे. कटला-रोहू काट्यावर ओतून भोई मंडळी सरळ सुमनबाईकडे शिरायची. चार बाकडी, सारवलेली जमीन, बाटली टेबलाखाली आणि तळलेली वाम टेबलावर. कुणाचं जाळं कुणी कापलं, कुणाची सोयरीक मोडली, सगळे निकाल तिथंच लागायचे.

वीस पावलांवर चंद्रभानची खानावळ. खाली फरशी, वर दोन पंखे, जिंतूरहून आणलेल्या चाळीस लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्यांवर माश्या बसायच्या. पाण्यातले मासे नव्हेत, उडणाऱ्या माश्या.

तो जळफळत माझ्याकडे यायचा आणि उगाच काट्यावर उभा राहायचा. एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम.

"योगीभाऊ, म्हातारी कालवणात काय टाकती वो?"

"मीठ."

"थट्टा नका करू. माझी रेणुका तिच्यापेक्षा लय भारी रांधती. तरी समदे तिकडंच. कामून?"

"असा जळत राहिलास तर काट्यावर पन्नास भरशील," मी म्हणालो.

पण जळणाऱ्या माणसाची नजर बारीक होते. मे महिन्यात त्याला एक गोष्ट दिसली. गर्दी सुरू होण्याआधी सुमनबाई पाण्याकडच्या दारात एक ताट वाढून ठेवायची आणि धरणाकडे तोंड करून म्हणायची, "मामा, जेवून घ्या." तिचा सासरा जुनं गाव पाण्यात जाताना घर सोडून निघाला नव्हता, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ताट आम्ही रोज बघत होतो. त्यात काही असेल असं फक्त चंद्रभानला वाटलं.

"बरकत तिथंच हाय," तो म्हणाला. "ती एकाला बोलावती. आपुन गाव बोलावू."

दुसऱ्या दिवशी त्याने चाळीस ताटं मांडली. पाण्याकडचं दार सताड उघडून हात जोडले आणि लग्नाच्या पंगतीत म्हणतात तसं खणखणीत म्हणाला, "जुन्या गावच्या समद्या मंडळींनी यावं, पोटभर जेवावं!" दीड वाजता पुन्हा दारात येऊन वाकला. "या बरं का. उद्या बी या." मी काट्यावरून हसत होतो. माणूस चांगल्या वळणाचा, पाहुण्याला निरोप द्यायला चुकला नाही.

ताटं कावळ्यांनी साफ केली असावीत, असं मी धरून चाललो.

चौथ्या दिवशी बालाजी भोई सुमनबाईकडे जागा नाही म्हणून चंद्रभानच्या दारात गेला आणि तसाच परत आला.

"काय रे?"

"जागा न्हाई आत."

मी मान वर करून पाहिलं. चाळीसच्या चाळीस खुर्च्या रिकाम्या. वर पंखे फिरत होते.

"सगळ्या रिकाम्या तर आहेत."

बालाजीने पुन्हा तिकडे पाहिलं. थोडा गोंधळला. "व्हय की," म्हणाला. पण गेला नाही.

त्या आठवड्यात असे अकरा जण दारातून फिरले. बाराव्या वेळी मी स्वतः गेलो. आत गारवा होता, मे महिन्यात नको तेवढा. तळातला गाळ उपसल्यावर येतो तसा वास. मी जवळची खुर्ची ओढली.

ती हलली नाही.

लेकरू एका हाताने उचलेल अशी ती खुर्ची. वजनाचा अंदाज हा माझा धंदा आहे. त्या खुर्चीत पन्नास-पंचावन्न किलो होतं. बसायची जागा ओली होती, आणि तिच्यापुढच्या ताटातला भात कडेने हळूहळू कमी होत होता.

चंद्रभान वाढत फिरत होता. कित्येक वर्षांत त्याचा चेहरा इतका उजळ मी पाहिला नव्हता.

"योगीभाऊ, बघायलाव ना? भरलंय! सांगा, म्हातारीकडं आज किती हायत?"

"सव्वीस."

"माझ्याकडं चाळीस," तो म्हणाला.

रेणुका सुमनबाईकडे रडत गेली, तेव्हा मी बरोबर होतो. म्हातारी मासा साफ करत होती. तिने एवढंच विचारलं, "जेवल्यावर त्यानला काय म्हणला तुझा नवरा?"

"या म्हणले. घरी आल्याला माणसाला आनखी काय म्हणतेत, मावशी?"

"मी म्हणते, जावा आता." तिने सुरी खाली ठेवली. "तीस वर्सं झाली, सासऱ्याला रोज सांगते. मामा, जेवलाव, जावा आता. लय जड जातं बाई. पर म्हणावं लागतं."

आपल्याकडे दारातून निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरचा त्याला 'या' म्हणतो. 'जा' हा शब्द कुणी उंबऱ्यावर उच्चारत नाही. ते इथल्या लेकरालाही शिकवावं लागत नाही.

"मी म्हणू का?" रेणुकाने विचारलं.

"ज्यानं बोलिवलं त्याच्याच तोंडानं. न्हाईतर ते बोलवणाऱ्यालाच सोबत नेत्यात."

आम्ही दोघं धावत गेलो. दीड वाजत आला होता. चंद्रभान दारात हात जोडून उभा होता.

"आवो, जावा म्हणा!" रेणुका ओरडली. "पाया पडते, एकदा म्हणा!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग वीस पावलांवर, जिथून हसण्याचा आवाज येत होता तिकडे. तोंड उघडलं. शब्द ओठांवर आला होता, मी शपथेवर सांगतो.

"ह्यानला जा म्हणलं," तो हळूच म्हणाला, "तर ते तिच्याकडं जातील की."

आणि तो पाण्याकडे वळून वाकला.

"या."

मी पुढचं थांबून बघायला हवं होतं. थांबलो नाही. उशिरा आलेले तीन तराफे काट्याला खोळंबले होते. ताण हलका करावा म्हणून निघताना म्हणालो, "चंद्रभान, काट्याकडं ये रे उद्या. किती भरतोस बघू."

सकाळी खानावळ उघडीच होती. खुर्च्या कोरड्या होत्या. मी एक उचलली. हलकी.

फरशीवरून पाण्यापर्यंत पावलं गेलेली होती, गाळाची, पुष्कळ. सगळी अनवाणी. एक जोड फक्त चपलांची.

पाणबुड्यांनी चार दिवस शोधलं. काही लागलं नाही.

पाचव्या दिवशी, अकराच्या आधी, काट्यावर काही नसताना आकडा पेटला. मी बटण दाबून शून्य केलं. तो परत आला.

७१.४००.

काट्याची पाटी ओली होती.

चंद्रभानला काय म्हणायचं ते मला माहीत आहे. बोलावलं मी होतं, म्हणजे म्हणायचंही मलाच. आठवडाभर रोज तोंड उघडलं. होत नाही. म्हातारी कसं म्हणत असेल देव जाणे. आकडा उतरत मात्र होता. एकाहत्तर. सत्तर दोनशे. एकोणसत्तर.

काल रेणुका आली. तिने आकडा पाहिला, बराच वेळ.

"जेवायले न्हाईत वाटतं," म्हणाली.

आज फडक्यात भाकरी आणि तळलेली वाम घेऊन आली आणि पाटीच्या कोपऱ्यावर ठेवली. मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिलो. सुमनबाईकडे सव्वीस माणसं हसत होती. तिचं काही गेलं नाही. चाळीस जण जेवून गेले, त्यांचंही नाही.

वळलो तेव्हा फडकं रिकामं होतं. आकडा पाव किलोने वाढला होता.

"आता तरी म्हणतो," मी म्हणालो. "एकदाच, रेणुका. सुटेल तो."

तिने ओला हात माझ्या तोंडावर धरला. मग काट्याकडे वळून पदर सारखा केला आणि नवऱ्याशी बोलावं तशी हळूच बोलली.

"उद्या बी या."