उजव्या कुशीतली तहान

म्हैसूरजवळ बेळगोळच्या कारखान्यात ईश्वरीचं काम पाणी तपासण्याचं. त्यामुळे घरी पाणी मोजून प्यायची वेळ आली, तेव्हा तिला त्यात जगावेगळं काही वाटलं नाही. जयलक्ष्मीपुरमच्या घरात ओट्यावर खुणांचं एक प्लास्टिकचं भांडं असे, न्हाणीघरात दुसरं. किडनी बदललेल्या माणसाला आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, हे बघावंच लागतं.

तिच्या सासूबाईंना, गंगाबाईंना, याचं हसू येई. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, कापड रंगवणाऱ्यांचं. बोलण्यात अर्धं कन्नड.

"अय्यो, नीरु मोजून पितं का गे कोणी? आमच्याकडे रंगाला मोजायचे, माणसाला नव्हे."

ईश्वरीला बसवलेली किडनी त्यांचीच होती. ईश्वरीच्या आईला मधुमेह, नवऱ्याचा, हर्षचा, रक्तगट वेगळा. डॉक्टर प्राणेशांनी काही लपवलं नव्हतं. देणारीचं वय झालेलं, रक्तदाब थोडा चढा, सासू-सुनेत रक्ताचं नातं नाही. तरुण दात्याची किडनी टिकते तशी ही टिकेल असं समजू नका, आणि हिला कधी कोरडं पडू देऊ नका, ते म्हणाले.

गंगाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हातारी आहे, पण कामचुकार नाही. लावून तर बघा."

लावली, आणि ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कामाला लागली. दोन वर्षं ईश्वरीचे रिपोर्ट चांगले येत राहिले. दर तपासणीनंतर ती सासूबाईंच्या पाया पडे, आणि त्या पाय ओढून घेत. "साकु, साकु, पुरे गे. रोज काय देवाला यायचं?"

एका दुपारी जेवून आडव्या झालेल्या गंगाबाई उठल्याच नाहीत.

रिवाजाप्रमाणे त्या गेल्या त्या जागी दिवा लावला आणि पाण्याचा तांब्या ठेवला. त्याच दिवसांत ईश्वरीचं पोट बिघडलं. घोटभर पाणीही पोटात ठरेना. सासूबाईंनी दिलेलं आपल्या हातून वाळून जाणार, या विचाराने तिला रडू येई.

पण न्हाणीघरातलं भांडं भरत होतं. रोजच्यासारखंच.

हर्षने तिला दवाखान्यात नेलं. प्राणेशांनी रिपोर्ट बघितला. "उलट्या होताहेत म्हणता, आणि किडनी तर मजेत आहे. पाणी भरपूर जातंय पोटात."

"नाही जात," ईश्वरी म्हणाली.

ते हसले. रोग्यांचे अंदाज चुकतात, हे त्यांना ठाऊक होतं.

घरी आल्यावर दिव्यात तेल घालताना तिचं लक्ष तांब्याकडे गेलं. पाणी खाली गेलं होतं. वाफ होत असेल, म्हणून तिने मोजून पाणी भरलं आणि वर ताटली ठेवली. दुसऱ्या दिवशी किती कमी झालं ते मोजलं. मग न्हाणीघरातलं मोजलं.

दोन्ही आकडे जुळले.

हे तिने हर्षला सांगितलं नाही. कोणत्या शब्दांत सांगणार? तिला भीती वाटली, ती मात्र फार टिकली नाही. ती ताटली काढून तांब्या काठोकाठ भरू लागली. "आई, घ्या," ती हळूच म्हणे.

दहाव्याला सगळे श्रीरंगपट्टणाजवळ पश्चिमवाहिनीला गेले. विधी झाले आणि भटजींच्या सांगण्यावरून हर्षने तांब्याही कावेरीत सोडला. ईश्वरीचा हात पुढे झाला होता. पण थांबवायला काही कारण देता आलं नसतं.

संध्याकाळी तिला तहान लागली.

पोट आता बरं होतं. ती दोन पेले प्यायली. तोंड ओलं झालं, घसा ओला झाला. तहान तिथे नव्हतीच. ती खाली होती, उजव्या कुशीत, शस्त्रक्रियेच्या टाक्यांच्या आत. तिथे काहीतरी वाट बघत होतं.

न्हाणीघरातलं भांडं कोरडं राहिलं.

"डॉक्टरांकडे जाऊया," हर्ष म्हणाला.

"थांब जरा."

तिने स्वयंपाकघरातून दुसरा तांब्या घेतला, भरला, सासूबाईंच्या जागी ठेवला. शेजारी बसली.

"आई," ती म्हणाली, "चुकलं आमचं."

पाणी हललं नाही. आवाज झाला नाही.

कुशीतली तहान हळूहळू निवली.

तेव्हापासून त्या जागी तांब्या असतो. हर्षला वाटतं, आईची आठवण म्हणून. परवाच्या तपासणीत प्राणेश म्हणाले, इतक्या वयाच्या दात्रीची किडनी इतकी छान चाललेली त्यांनी पाहिली नाही. पाणी असंच पीत राहा.

ईश्वरीने हात जोडले. डॉक्टरांना वाटलं, त्यांनाच.

हर्ष रोज सकाळी आठवणीने तिची पाण्याची बाटली भरून देतो. ती बाटली घेऊन ती बेळगोळला जाते, दिवसभर उन्हातान्हात नमुने गोळा करते. तिच्या जिभेला आता तहान अशी लागतच नाही. संध्याकाळी घरी येऊन ती झाकण उघडते, आणि गळ्यापर्यंत भरलेली बाटली तशीच्या तशी तांब्यात ओतते.