रविवारचा रंग

यशवंत पहिल्यांदा आमच्या भाजीच्या दुकानासमोर उभा राहिला, तेव्हा मी मांडीवर पुस्तक घेऊन वाचत बसले होते. पुड्या बांधायला बाबांनी रद्दी आणली होती. तिच्यात मराठी मिस्साचं, म्हणजे ख्रिस्ती उपासनेचं, हे पुस्तक निघालं, आणि त्याचं पान फाडायला माझा हात धजत नव्हता.

"पावशेर मिरच्या... आणि हे कुठून आलं?"

"रद्दीतून. तुमचं हाय काय?"

"माझं नाही. माझ्या देवाचं आहे," तो हसला.

तो जालन्याकडचा, कॅथलिक घरातला. आदिलाबादच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर. दर रविवारी मिस्सा आटोपून भाजीला येऊ लागला.

"मरियेले तुमी देवी मानता?" मी एकदा विचारलं.

"नाही. देवाची आई. तिची पूजा नाही करत, तिला म्हणतो — आमच्यासाठी शब्द टाक."

"म्हंजे आमी मायच्या आडून बाबाले सांगतो, तसं?"

तो खळखळून हसला. "धर्मवर्गात इतकं सोपं कुणी सांगितलं नाही हो, मथुरा!"

मग पिशवीतून पुस्तकं येऊ लागली. जपमाळेची रहस्यं, संतांची चरित्रं, उपासनेतल्या एकेका खुणेचा अर्थ. चर्चची पायरीही न चढलेल्या मला त्यांचं अख्खं वर्ष पाठ झालं. नाताळाआधीचे चार आठवडे फादरांचा झगा जांभळा, पण तिसऱ्या रविवारी गुलाबी! त्या रविवारी मी गुलाबी पातळ नेसले.

तो आला... पाहतच राहिला.

"अख्ख्या आदिलाबादात आज दोघांचाच रंग बरोबर आहे," हळूच म्हणाला, "फादरांचा — आणि तुमचा."

कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. पुढे मग हिरवं, ईस्टरआधीच्या उपासकाळात जांभळं... "तेच ते पातळ काऊन नेसून राह्यली?" आई कुरकुरायची.

पंचवीस मार्च, अठ्ठ्याऐंशी साल. उपासकाळ असूनही त्या दिवशी पांढरा रंग. येशूची आई होशील का, हे विचारायला देवदूत मरियेकडे आला तो सण. मी पांढरं, निळ्या फुलांचं नेसले होते. शुक्रवार असूनही तो आला. हातात पिशवी नव्हती.

"देवदूतानं विचारलं, आणि तिच्या उत्तरासाठी थांबला," तो म्हणाला. "मीही विचारतो, मथुरा. माझ्यासोबत जालन्याला याल? धर्म बदला म्हणत नाही. लग्नासाठी फादर बिशपांकडून परवानगी आणतील..."

मागे बाबा कांद्याची पोती लावत होते. त्यांचा हात थांबल्याचं मला कळलं. बाजारहत्नूरच्या पाहुण्यांनी त्याच आठवड्यात मला पसंत केलं होतं. 

"कायतरीच काय! मी तं पुस्तकं वाचाले भेटतात, म्हून बोलत होते तुमच्यासंगं."

तो जायला वळला. "बरं," म्हणाला. "पुस्तकं ठेवा मग."

नऊ दिवस माझंच ते वाक्य मला घास गिळू देईना. ईस्टरच्या सकाळी मी बाबांना म्हटलं, "मी त्यायले खोटं बोलले."

"ठाऊक हाय मले." बाबांनी हातातला तराजू खाली ठेवला. "तवाच बोलाचं होतं, पोरी. मी रागात नव्हतो. आयकत होतो... जाय आता. पाहुण्यायले मी सांगतो."

मी धावतच गेले. पत्र्याच्या चर्चमध्ये तेलुगूतून मिस्सा चालू होता. बाजारापुरतं तेलुगू येणाऱ्या मला प्रार्थनेचे शब्द कळत नव्हते, तरी कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, सारं कळत होतं. पुरुषांच्या बाजूला तो नव्हता. प्रसादासाठी माझ्या बाजूच्या सगळ्या बाया उठल्या. तो प्रसाद बाप्तिस्मा झालेल्यांनाच, हेही मी वाचलं होतं. मी एकटी बसून राहिले.

बाहेर फादरांनी सांगितलं, नोकरी सोडून तो गेल्या सोमवारीच गावी गेला. त्यांच्याकडून पत्ता घेऊन मी त्याच दिवशी पत्र टाकलं.

जूनमध्ये पाकीट आलं. त्याची लग्नपत्रिका, मागे बारीक अक्षरात दोन ओळी. माझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी घरच्यांनी मुलीकडच्यांना शब्द दिला होता. तो मोडणं त्याला जमलं नाही.

पत्रिका बाबांनीही वाचली.  मला आतल्या खोलीत बसवून त्यांनी दार ओढून घेतलं, आणि दिवसभर सगळी गिऱ्हाइकं एकट्यानेच केली.