डिकीवरचा डावा हात

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली आहे. जिच्यामुळे आज हे लिहायला बसलो, ती माझी मामेबहीण परवाच आमच्याकडे जेवून गेली.

हसायचं असेल तर खुशाल हसा. पूर्वी असल्या गोष्टींना मामाही हसायचा.

आठ वर्षांपूर्वीचा मार्च. रविवार. भर दुपार.

मामा कामाला होता तो छापखाना बंद पडला तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. त्या वयात तो गाड्यांचं पॉलिश शिकायला एका गॅरेजात लागला. शिकवणारे मास्तर त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, पण जिभेला हाड नाही.

"मशीन रगडू नका हो मामा. गाडी आहे ती, कपडे धुताय का?"

गाडी धुवायची, मशीनने रंगावरचे ओरखडे घालवायचे आणि शेवटी कोटिंगचा पातळ थर द्यायचा. थर एकदा वाळला की खाली जे असेल ते तसंच राहतं. मास्तरांचा मंत्र एकच. दिव्याखाली दिसला तो डाग काढायचाच.

तीन महिन्यांत मामाचा हात बसला. आणि ती काळी गाडी आली.

मालकांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणायचे. गाडीच्या डिकीवर एक लहानसा डावा पंजा उमटलेला होता. रंग ओला असताना त्यांच्या मुलीने ठेवलेला. मुलगी त्याच वर्षी तापाने गेली. सात वर्षांची होती.

"बाकी गाडीचं काय वाटेल ते करा," ते म्हणाले, "एवढा हात सोडा."

मास्तरांनी पंजाभोवती निळी चिकटपट्टी लावली, मामाला दोनदा बजावलं आणि रविवारी ते गावाला गेले.

मामा एकटाच होता. मामी नर्स, तिची ड्यूटी होती, म्हणून सहा वर्षांची चिमणी बाहेरच्या खोलीत चित्रं काढत बसली होती.

गाडी धुताना पट्टी सुटली. मामाच्या लक्षातच आलं नाही.

छप्पर झालं, दारं झाली. डिकीपर्यंत येईस्तोवर त्याला डागाशिवाय काही दिसत नव्हतं. दिवा धरायचा, डाग दिसला की मशीन फिरवायची.

मशीन थांबली. डिकी आरशासारखी लख्ख झाली होती.

आणि पंजा नव्हता...

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले येणार होते. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्या बापाला काय सांगायचं, या विचाराने मामाला रडू आलं.

तेवढ्यात चिमणी चित्र दाखवायला आत आली.

मामाने तिच्या हाताकडे पाहिलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने डिकीवर कोटिंगचा थर दिला. ओला थर तेलासारखा बुळबुळीत असतो. मग चिमणीला उचलून गाडीच्या मागे उभं केलं आणि तिचा डावा पंजा त्यावर टेकवायला सांगितला.

"शी! गार आहे."

"दहा मोज, मग काढ."

चिमणी मोजायला लागली. सातवर थांबली.

"बाबा, सोड ना."

मामाच्या एका हातात बाटली होती. दुसऱ्या हातात फडकं.

"बाबा, हात सोड ना... दुखतोय."

"मी कुठे धरलाय गं?"

चिमणीने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग डिकीकडे. आणि ती जी किंचाळली...

मामाने तिला कमरेला धरून ओढलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात हिसका बसून सुटला. त्याने तो साबणाने तीनदा धुतला. तळव्याला काही झालं नव्हतं.

डिकीवर पंजा उमटला होता.

सकाळी चष्मेवाले आले. पंजावर स्वतःचा हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग मामाचे दोन्ही हात धरले. "तुम्ही जपलात हो तिला." मामाच्या ओठांवर खरं आलं होतं. त्याने ते गिळलं.

त्याच आठवड्यात मामीच्या लक्षात आलं. आंघोळीनंतर वाफेने धुरकटलेल्या आरशावर चिमणी हात उमटवत होती. उजवा उमटला.

डावा उमटेना...

तळवा काचेसारखा गुळगुळीत. एक रेष नाही. कातडी सोलली असेल, येतील रेषा, असं डॉक्टर म्हणाले. त्या आल्या नाहीत.

पुढच्या मार्चमध्ये गाडी नव्या थरासाठी आली. चष्मेवाले खुशीत होते.

"मामा, बघा तरी! पोर वाढतेय हो माझी."

पंजा मोठा झाला होता.

मामाने कागदावर त्याचं माप घेतलं आणि घरी जाऊन झोपलेल्या चिमणीचा हात त्यावर ठेवला. बोटाला बोट जुळलं.

एकदाच त्याने डिकीवरचा तो पंजा पुसायचा प्रयत्न केला. मशीन लावली, जेमतेम एक फेरा झाला, आणि फोन वाजला. मामी होती.

"लवकर ये! चिमणीचा हात... भाजल्यासारखा लाल झालाय. ती चुलीजवळ नव्हती रे, काही नाही, नुसती बसली होती!"

त्यानंतर मामाने तिथे मशीन लावली नाही. उलट दर मार्चला पंजावरचा नवा थर तो स्वतः देतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पंजाला ओरखडा गेला तर चिमणीचं काय होईल, ही भीती त्याला झोपू देत नाही. चष्मेवाल्यांना त्याने आजवर खरं सांगितलेलं नाही. मला सांगितलं, तेही मागच्या वर्षी, रडत रडत.

"डावाच आहे ना," डोळे पुसत तो म्हणाला होता. "उजवा तरी शाबूत आहे पोरीचा."

चिमणी आता चौदाची आहे. परवा जेवण झाल्यावर ती सोफ्यावर फोनशी खटपट करत होती.

"दादा, हा फोन बिघडलाय बघ. कालपासून माझं बोटच घेत नाही."

मी सहज म्हटलं, "डावं लावत असशील."

"वेडी आहे का मी? डावं कधीच चालत नाही."

तिने पंजा माझ्यापुढे धरला. उजवा.

मी दिव्याखाली नेऊन पाहिला...

मामाला अजून सांगितलेलं नाही. मार्च लागलाय. रविवारी गाडी येणार आहे.