सतरा एकांचा भाजक

मामी दुसऱ्या दिवशी लेकीकडे कायमची राहायला जाणार होती, म्हणून मामाची खोली आवरायला मी दुपारी तिच्याकडे गेले. मामा गणिताचा मास्तर. त्याला जाऊन महिना झाला होता, तरी खोलीत पेन्सिलीच्या भुशाचा वास तसाच होता.

अकरा वर्षं आम्ही दोघं एकाच संख्येच्या मागे लागलो होतो. ओळीने लिहिलेले सतरा एक. ती मूळ संख्या आहे, की एक आणि ती स्वतः सोडून आणखी कुणी तिला भागतं? संख्या मोठी लबाड, पण एक सवलत देते. तिला भागणारी कुठलीही मूळ संख्या चौतीसने भागली की एक उरतोच, त्यामुळे तेवढेच उमेदवार तपासायचे. कंप्युटरचं नाव मामाला खपत नसे. आमची पद्धत ठरलेली होती. दोन टेबलं, पाठीला पाठ, आणि एकच भागाकार दोघांनी वेगवेगळा करायचा. झाला की पेन्सिल दोनदा वाजवायची. दोघांची वाजली की वळून बाकी जुळवायची. शून्य आल्याशिवाय जोडीदाराला सोडायचं नाही, हा मामाचाच नियम. तोच मध्येच सोडून गेला, याचा मला रागच होता.

वह्या बांधता बांधता मोह झाला. पुढचा उमेदवार, २०७१७२३, दोन्ही वह्यांत लिहून ठेवलेला होता. एवढा एक करू आणि उठू, म्हणून बसले. शेवटची वजाबाकी केली.

शून्य.

मला नाचावंसं वाटत होतं, आणि डोळे भरून आले होते. पण एकट्याची बाकी आमच्यात धरत नाहीत. तरी सवयीने मी पेन्सिल दोनदा वाजवली.

पाठीमागे टक... टक...

खरं सांगते, मी घाबरले नाही. मामाला कळलं, या आनंदापुढे दुसरं काही सुचलंच नाही. वळले. खुर्ची रिकामी होती. त्याच्या वहीत त्याच्या तिरक्या अक्षरात पूर्ण भागाकार होता, आणि खाली शून्य.

"जुळलं, मामा," मी म्हणाले.

दारात मामी उभी होती. "रोज दुपारी वाजतं गं ते..." ती हळूच म्हणाली. "म्हणून तर चाललेय मी."

मी वहीचं पान उलटलं. तिथे एकोणीस एक लिहिले होते आणि पहिला उमेदवार, १९१. मग माझी वही उघडली. तिच्यातही तेच होतं, मामाच्या अक्षरात.

घरी येऊन मी नियम मोडला आणि कंप्युटरला विचारलं. त्याने क्षणात सांगितलं, एकोणीस एक ही मूळ संख्या आहे. तिला दुसरं कुणीच भागत नाही. म्हणजे शून्य कधीच येणार नाही.

माझ्या खुर्चीच्या पाठीमागे नुसती भिंत आहे. तिकडून हळूच दोनदा टकटक झालं.

त्याचा भागाकार झाला होता. माझा अजून व्हायचा होता.