पाणी मारायची वेळ

उज्वलाने काडी ओढली, तेवढ्यात बांधावरून कुणीतरी म्हणालं, "ताई, पेटवू नका."

द्राक्षाची एप्रिल छाटणी झाली होती. मखमलाबादच्या मळ्यात छाटलेल्या काड्यांचा कमरेएवढा ढीग पडला होता. असे ढीग पेटवूनच द्यायचे असतात, एवढं तिला लहानपणापासून माहीत होतं. बोटाला चटका बसेपर्यंत ती त्या मुलाकडे पाहत राहिली. बाजूला मोटारसायकल, अंगाला चिकटलेला शर्ट, कोपरापर्यंत काजळी.

"का? तुमचा ढीग आहे?"

"नाही. पण मला द्या. मी याचा कोळसा करतो."

"इस्त्रीवाले आहात का?"

तो हसला. हसताना जरा बरा दिसला.

त्याचं नाव ललित. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये त्याने पत्र्याची भट्टी बनवली होती, वर रुंद, खाली निमुळती. काड्या थराथराने जाळायच्या आणि शेवटच्या थरावर पांढरी साय धरू लागली की लगेच पाणी मारायचं. मग राख होत नाही, कोळसा उरतो. तो शेणकाल्यात मुरवून मातीत घातला की ओल धरतो, आणि जे धूर होऊन आभाळात गेलं असतं ते वर्षानुवर्षं वेलीच्या मुळाशी बसून राहतं.

उज्वलाचे वडील पुंजाभाऊ म्हणाले, "करू दे. काड्या तशाही जाळायच्याच. घाम त्याचा, आपलं काय जातंय?"

भट्टी मळ्यात आली. थर घालायला दोन माणसं लागतात. दुसरी उज्वला झाली.

"ताई, तो भारा द्या."

"ताईच म्हणायचं असेल तर राखीपौर्णिमेला या."

तो बराच वेळ काड्या रचत राहिला. मग हळूच म्हणाला, "उज्वला... भारा."

तिने भारा दिला. हाताला हात लागला असेल – दोघांनी तसं दाखवलं नाही.

पुढे भट्टीला पैसे देणाऱ्या पुण्याच्या संस्थेची माणसं ती पाहायला यायची ठरली. त्यांना भट्टी पटली तर शिवारात आणखी भट्ट्या लागणार होत्या, आणि त्या सांभाळायला ललित इथेच राहणार होता. नाही पटली तर भट्टी टेम्पोत घालून परत सातपूर. हे त्याने तिला सांगितलं ते ती माणसं आली त्याच सकाळी, शेवटचा थर पेटलेला असताना. पाहुणे ओट्यावर चहा पीत होते.

"म्हणजे मग येणार नाही?"

"काम नसताना कशाला येऊ?"

"येतात की माणसं... काम नसताना."

"कुणाकडे?"

"मला काय विचारता?"

"मग कुणाला विचारू? इथे दुसरं आहे कोण?"

तिने ओढणी सावरली. त्याचा चेहरा लाल झाला होता. धगीने की कशाने, कोण सांगणार. पाण्याचा पाइप तिच्याच हातात होता...

पाहुणे चहा पिऊन भट्टीपाशी आले तेव्हा आत पांढरीशुभ्र राख होती.

संस्थेच्या मनीषा मॅडमनी काठीने ढवळून पाहिलं. "कोळसा कुठे आहे?"

ललित मान खाली घालून म्हणाला, "भट्टीतच काहीतरी दोष असेल, मॅडम. पत्रा पातळ पडला बहुतेक..."

तो आपल्याला वाचवतोय आणि भट्टी घालवतोय, हे उज्वलाला कळलं. समोर वडील उभे, शेजारचे गोटीरामकाका उभे, निम्मी आळी उभी. बोलायचं तर या सगळ्यांपुढे. गप्प राहिलं तर दुपारी टेम्पो.

"भट्टीत दोष नाही," ती म्हणाली. "पाणी मी मारायचं होतं. मारलं नाही."

"का?" मॅडमनी विचारलं.

"आम्ही बोलत होतो."

"एवढं काय बोलत होता?"

"हा इथे राहणार की जाणार, ते." तिने पाइप दुसऱ्या हातात घेतला. "मला वाटतं – राहावा."

गोटीरामकाकांची बिडी तोंडापर्यंत जाऊन तिथेच राहिली. पुंजाभाऊंनी राखेकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग ललितकडे.

"अन् तुला रे?"

"मलाही राहायचंय," ललित म्हणाला.

पुंजाभाऊंनी तिच्या हातातला पाइप काढून घेतला. "मॅडम, आल्यासारखं थांबा. भट्टी पुन्हा लावतो. पाणी मी मारीन. अन् तुम्ही दोघं त्या टोकाला जाऊन बसा, काय बोलायचं राह्यलं असंल ते उरकून घ्या."

दुपारपर्यंत कोळसा निघाला, काळाभोर. मॅडमनी तो मुठीत घेऊन पाहिला आणि भट्टी इथेच राहू द्या म्हणाल्या. मळ्याच्या त्या टोकाला मात्र दोघांनाही एक शब्द सुचला नव्हता.